बटण परत वर आलं पाहिजे : मुंबई–मालवण, तीन हाऊसिंग आणि पाच दिवस

चार डायव्हर आणि तीन हाऊसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्याखाली नेण्यासाठीच्या पाणीबंद पेट्या. दोन हाऊसिंग छोट्या कॅमेऱ्यांची, पॉलीकार्बोनेटची. एक मिररलेस कॅमेऱ्याचं, ॲल्युमिनियमचं. डिसेंबरच्या फेरीत पॉलीकार्बोनेटच्या एका हाऊसिंगनं त्रास दिला होता. होडीवर सगळी बटणं ठीक चालायची, पण नऊ-दहा मीटरखाली गेलं की स्क्रीनवर जुना फोटो उघडायचा आणि तिथून हलायचा नाही. शटर दाबलं तरी काही नाही, मेन्यू दाबला तरी काही नाही. वर आलं की सगळं पुन्हा सुरळीत. कॅमेरा बिघडलाय असं वाटावं, पण कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता; हाऊसिंगचं एक बटण खाली गेलं की आतच अडकत होतं. फेब्रुवारीतली ही फेरी त्या एका बटणापायी आखली होती. म्हणून ती मालवणला नाही, मुंबईतच सुरू झाली.

गुरुवार : नागदेवी स्ट्रीट

मस्जिद स्टेशनला पश्चिमेकडे उतरून हातगाड्यांमधून वाट काढत नागदेवीत शिरलं की बेअरिंग, ऑइल सील, नटबोल्ट आणि रबराचा वास एकदमच सुरू होतो. ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कड्यांच्या, दुकानात काळ्या रिंगा तारेत ओवून, जुडग्या करून टांगलेल्या असतात. गल्ल्यावरचे काका मान वर न करता दोनच गोष्टी विचारतात : आतला व्यास किती, जाडी किती. ‘कॅमेऱ्याच्या बटणाची द्या’ असं सांगून इथे काही मिळत नाही.

जुनी रिंग नमुना म्हणून नेली तर फसगत होते. वर्षभर दाबाखाली राहिलेली रिंग चपटी झालेली असते आणि ताणलीही जाते. त्यामुळे माप दांड्याचं आणि खाचेचं घ्यावं, तेही व्हर्नियरनं. आमच्या बटणाचा दांडा ४ मिलिमीटरचा होता. रिंगेचा आतला व्यास दांड्यापेक्षा किंचित कमी हवा, म्हणजे ती दांड्याला घट्ट बसते. नायट्राइल रबर, ७० शोअर कडकपणा, हे सांगितलं की काकांना पुढे काही विचारावं लागत नाही. पन्नास रिंगांची पुडी घेऊ नका. रबर नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. पाच-सहा पुष्कळ झाल्या.

स्प्रिंग शोधायला जास्त फिरावं लागलं. तिसऱ्या दुकानातल्या पोऱ्यानं स्टेनलेस म्हणून हातात दिलेल्या स्प्रिंगला आम्ही लोहचुंबक लावलं आणि ती चिकटली. ‘अहो साहेब, तार ओढून बारीक केली की तीनशेचारसुद्धा थोडी चिकटते,’ तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. थंड स्थितीत ओढलेली ३०४ची, म्हणजे त्या प्रकारच्या स्टेनलेसची, तार थोडीफार चुंबकीय होतेच. स्प्रिंगच्या बाबतीत चुंबकाची परीक्षा उपयोगाची नाही. खात्री हवी असेल तर एक स्प्रिंग रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि सकाळी बाहेर काढून ओलीच राहू द्यावी. मुलामा दिलेली साधी पोलादी स्प्रिंग असेल तर एक-दोन दिवसांत तांबूस डाग पडतात.

सीएसएमटीसमोर वडापाव खाऊन दुपारी दादरला घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर काम मांडलं. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण बरेच बिघाड याच एका हिशेबात सापडतात.

पुश बटण म्हणजे बाहेरची टोपी, तिच्याखाली स्प्रिंग, हाऊसिंगच्या भिंतीतून आत गेलेला दांडा, दांड्याभोवती ओ-रिंग आणि दांडा निसटू नये म्हणून आतल्या टोकाला ई-क्लिप, म्हणजे इंग्रजी ‘ई’च्या आकाराची छोटी चकती. स्प्रिंग भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे कायम समुद्राच्या पाण्यात. बाहेरचं पाणी दांड्याला आत ढकलतं, स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरनं वाढतो. ४ मिलिमीटर दांड्याचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दहा मीटरवर पाणी त्या बटणाला सुमारे १२५ ग्रॅम जोरानं आत दाबून धरतं, वीस मीटरवर २५० ग्रॅमनं. दांडा ५ मिलिमीटरचा असेल तर वीस मीटरवर हाच आकडा ४०० ग्रॅमच्या जवळ जातो. स्प्रिंगनं हा जोर उलटवून वर रिंगेचं घर्षणही उलटवायचं असतं. तिला जमलं नाही तर बटण आत जातं आणि आतच राहतं.

एक बटण आत दाबलेलं राहिलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत बाकीच्या बटणांना दादच मिळत नाही, कारण कॅमेऱ्याच्या लेखी एक बोट अजून उचललेलंच नाही. म्हणून शटर मेलं, मेन्यू मेला असं वाटतं. खरा गुन्हेगार असतो शेजारचा प्लेबॅक, म्हणजे काढलेले फोटो बघायचं बटण.

हे घरात मोजता येतं, आणि त्याला लागतो फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. कॅमेरा बाहेर काढायचा, रिकामं हाऊसिंग काट्यावर ठेवायचं आणि काटा शून्यावर आणायचा. पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकानं बटण सरळ खाली पूर्ण दाबायचं. मग जोर अगदी हळूहळू कमी करायचा आणि बटण ज्या क्षणी वर सरकायला लागेल तो आकडा वाचायचा. बटण दाबायला किती जोर लागला हा आकडा इथे बिनकामाचा. परत येतानाचा आकडा खरा. ४ मिलिमीटर दांड्यासाठी त्याला १२.५ नं भागलं की ते बटण किती मीटरवर अडकेल ते कळतं. दाबाखाली रिंग आणखी आवळते, म्हणून उत्तरातून चौथा हिस्सा वजा करावा.

आमच्या प्लेबॅक बटणाचा आकडा आला ११०. म्हणजे चौथा हिस्सा न सोडताही जेमतेम नऊ मीटर. डिसेंबरात साधारण तिथंच अडकत होतं.

बटण उघडताना दोन्ही हात आणि हाऊसिंग मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करावं, कारण ई-क्लिप सुटली की उडतेच आणि गालिच्यात पडली तर मिळत नाही. टोपीखाली जे दिसलं ते साखरेच्या पाकाच्या कडेला धरलेल्या खड्यांसारखं होतं : स्प्रिंगच्या खालच्या दोन वेढ्यांना मिठाचं कडं, आणि दांड्यावर जुन्या ग्रीसमध्ये बारीक वाळू कालवून झालेली करडी पेस्ट. दांडा कोमट पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुतला, लिंट न सुटणाऱ्या कापडानं पुसला आणि भिंगाखाली चरे आहेत का पाहिलं. दांड्यावर चरा असेल तर नव्या रिंगेचाही उपयोग नाही, तो भाग बदलावाच लागतो. आमचा स्वच्छ होता. नवी रिंग, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा इतका पातळ थर की रिंग फक्त ओली दिसावी. जुनीच स्प्रिंग घालून आकडा आला १९०, नव्या स्प्रिंगनं ३३०. चौथा हिस्सा सोडला तरी वीस मीटर मिळाले.

ग्रीसबद्दल इथेच सांगून टाकतो. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रिंग अडवते. ग्रीस फक्त रिंगेला सरकू देतं. जास्त ग्रीस म्हणजे वाळूला चिकटायला जास्त जागा. रिंग सिलिकॉन रबराची असेल तर सिलिकॉन ग्रीसनं ती फुगते, म्हणून हाऊसिंगबरोबर आलेलं ग्रीस त्याच हाऊसिंगला वापरावं. व्हॅसलीन, खोबरेल, गंज काढायचे फवारे यांतलं काहीही नको. जुनी स्प्रिंग हातानं ताणून लांब करण्याचा उपायही करू नका. ती थोडे दिवस जोर देते आणि पुन्हा बसते.

शुक्रवार : उपनगरातला पोहण्याचा तलाव

तलावाची खोली साडेतीन मीटर. इतक्या पाण्यात ४ मिलिमीटरच्या बटणावर जेमतेम ४५ ग्रॅम जोर येतो, म्हणजे अडकणाऱ्या बटणाची परीक्षा इथे होतच नाही. तलावात पास झालेलं हाऊसिंग समुद्रात नापास होतं ते यामुळे. मग तलाव कशाला? दोन गोष्टींसाठी. एक, झाकणाच्या मोठ्या रिंगेला आवळून बसवणारा दाब पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये सगळ्यांत कमी असतो, आणि केस किंवा धागा अडकला असेल तर गळती बहुधा तिथेच दिसते. दोन, बटणं कॅमेऱ्यावर नीट बसतात का, हे ग्लोव्हज घालून, मास्कमधून बघता येतं.

कालच्या हाऊसिंगचं बटण उघडलं होतं, म्हणून ते आधी रिकामंच गेलं. आत घडी केलेला टिश्यू पेपर आणि शिशाचं वजन, नाहीतर ते बुडतच नाही. वीस मिनिटं तळाशी, प्रत्येक बटण वीसवेळा. वर आल्यावर हाऊसिंग पूर्ण पुसून, झाकण खालच्या बाजूला धरून उघडायचं, नाहीतर कडेचं पाणी आत ठिबकतं आणि उगीच घाबरायला होतं. टिश्यू कोरडा होता.

ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगला हवा ओढायचा पंप आणि गळतीचा दिवा आहे. आतला दाब साधारण २०० मिलिबारनं कमी केला की दिवा हिरवा होतो. बाहेरचा दाब २०० मिलिबार जास्त म्हणजे दोन मीटर पाण्याइतकं झालं, म्हणून पंप मारल्यावर एखादं बटण आपोआप थोडं आत बसलं तर ते पुढे अडकणार याची ती पहिली सूचना. दिवा हिरवा झाला की लगेच पाण्यात जाऊ नये, वीस-तीस मिनिटं थांबावं. बारीक गळती तेवढ्या वेळात दिसते.

तलावावर ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये मोड डायल फिरेना. कारण साधं होतं : काही नॉब बाहेर ओढून ठेवायचे असतात आणि कॅमेरा आत गेल्यावर सोडायचे असतात. नॉब आत राहिला की त्याचा दात डायलवर न बसता डायलच्या बाजूला बसतो. कॅमेरा घालण्याआधी नॉब ओढा, हाऊसिंगचा आणि कॅमेऱ्याचा डायल एकाच खुणेवर ठेवा, पॉवरचा लिव्हर बंदच्या बाजूला ठेवा. पट्ट्याच्या त्रिकोणी कड्या आणि रबरी आयकप काढून टाका. त्या कड्या तर हटकून एखाद्या लिव्हरच्या वाटेत येतात.

रात्री कोकणकन्या.

शनिवार : मालवण

कुडाळहून तासाभरात मालवण. राहण्याच्या घरी काकूंनी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी पुढे ठेवली, आणि ती संपेपर्यंत कॅमेऱ्याचा विषय निघाला नाही. मग आधी एक गोष्ट बघायची होती : विहिरीचं पाणी. हाऊसिंग भिजवायला गोडं पाणी लागतं, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी गोड्या असतीलच असं नाही. काकू म्हणाल्या, ‘पाणी गॉड आसा, पण मे म्हयन्यात मचूळ लागता.’ एक घोट चाखून बघितला. गोड होतं. किनाऱ्यावर कुठेही गेलात तरी बादली भरण्याआधी पाणी चाखा. मचूळ पाण्यात भिजवणं म्हणजे मीठ धुवायला मीठच घालणं.

कॅमेरा हाऊसिंगमध्ये बंद करायचं काम खोलीत, एसी लावून केलं. बाहेरची दमट हवा आत कोंडली की चालू कॅमेऱ्यानं आतली हवा तापते आणि पाण्यानं गार राहिलेल्या काचेवर धुकं धरतं. सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, पण त्या बटणांच्या दांड्यांपासून दूर. कोपऱ्यात खोचलेली पुडी घसरून बटणाच्या टोकाखाली आली की बटण अर्धंच दाबलं जातं, आणि माणूस स्प्रिंग शोधत बसतो.

सिंधुदुर्गाचा तट डावीकडे ठेवून होडी निघाली. १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. होडीवाले काका पाण्याकडे बघून म्हणाले, ‘आज पाणी बरां आसा.’ खाली गेल्यावर सहा-सात मीटर दिसत होतं. मालवणच्या मानानं खरंच बरं.

आठ मीटरवर प्लेबॅक बटण दाबलं, परत आलं. वीसवेळा तेच. दुसऱ्या डाइव्हला चौदा मीटर, तिथेही आलं. एका खडकाच्या कपारीत करंगळीच्या नखाएवढी समुद्री गोगलगाय होती, निळसर, पाठीवर पिवळे ठिपके. अशा जिवासाठीच ही सगळी धडपड असते : मॅक्रो चालू, फोकस लॉक, एफ नंबर वाढव, आणि हे सगळं तिनं वळण घेण्याआधी. एक बटण अडलं तर ती निघून जाते.

आणि नेमका तिथेच ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगचा मागचा डायल घसरायला लागला. नॉब फिरतोय, आकडा बदलत नाही, मग एकदम दोन घरं उडी. डायल घसरतो तेव्हा सगळे नॉब उघडायला धावतात; आधी कॅमेऱ्याची बैठक बघावी. घरी उघडल्यावर ट्रेखालचा (कॅमेरा ज्या पट्टीवर बसतो तिचा) पाव इंची स्क्रू पाव फेरा सैल निघाला. ट्रे गुरुवारी दादरला लावलेला, त्यानंतर आगगाडी आणि कुडाळचा रस्ता. कॅमेरा फार तर मिलिमीटरभर मागे सरकला होता, पण डायलवर टेकणाऱ्या रबरी चाकाला तेवढं पुरलं. नाण्यानं आवळला, प्रवासानंतर पुन्हा तपासायचा म्हणून वहीत लिहिला.

रात्री सुरमई, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. जेवणाआधी तिन्ही हाऊसिंग बादलीत. नुसतं बुडवून ठेवून उपयोग नाही. टोपीखालचं खारं पाणी तिथेच राहतं. बटण दाबलं की ते बाहेर पडतं आणि सोडलं की गोडं आत येतं. अर्धा तास भिजवायचं, त्यात तीनदा प्रत्येक बटण दहावेळा दाबायचं, प्रत्येक लिव्हर टोकापासून टोकापर्यंत. जेटच्या नळाचा किंवा डाइव्हच्या टाकीतल्या हवेचा फवारा बटणांवर मारू नका. त्यानं वाळूचा कण रिंगेखाली ढकलला जातो.

रविवार : सतरा मीटर

सकाळी वारा पडलेला, पाणी शनिवारपेक्षा गढूळ. होडीवर हाऊसिंग ओल्या टॉवेलखाली ठेवलं. उन्हात आतली हवा दहा अंश तापली तर दाब सुमारे २५ मिलिबारनं वाढतो, आणि गळती नसतानाही हिरवा दिवा लाल होऊ शकतो. अशा वेळी सावलीत ठेवून पंधरा मिनिटांनी पुन्हा बघावं.

सतरा मीटरवर प्लेबॅक ठीक. अडकला तो दुसऱ्या छोट्या हाऊसिंगचा झूम लिव्हर. एका बाजूला जाऊन तिथेच. पाण्याखाली कारण ओळखायची एक सोपी खूण आहे. डाइव्हच्या नियमात बसत असेल तर तीन-चार मीटर सावकाश वर यावं. बटण आपोआप सुटलं तर दाब आणि स्प्रिंगचा मामला. नाही सुटलं तर मीठ किंवा वाळू. लिव्हर बारा मीटरवरही तसाच होता. वाळू. पाण्यात हलवत, दोन बोटांनी बाहेरच्या दिशेला ओढत पाच-सहा वेळा पुढेमागे केला आणि कण निघाला. शनिवारी भिजवताना सगळी बटणं दाबली होती, हा लिव्हर मात्र राहून गेला होता.

आत थेंब दिसले तर काय, हेही सगळ्यांना पाठ हवं. लेन्सची काच खाली करायची, म्हणजे पाणी पोर्टमध्ये, लेन्सपुढच्या खिडकीत, जमतं आणि कॅमेऱ्याच्या अंगापासून लांब राहतं. मग नेहमीच्याच वेगानं वर यायचं. कॅमेरा कितीही महागाचा असला तरी त्याच्यासाठी वेगानं वर यायचं नाही आणि सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना घ्यायचा थांबा, सोडायचा नाही.

संध्याकाळी गाडी गाठायची असल्यामुळे भिजवायला पंधराच मिनिटं मिळाली. ओल्या टॉवेलात गुंडाळून हाऊसिंग झिपच्या मोठ्या पिशव्यांत बंद केली. मीठ वाळलं तरच खडे धरतात. मुंबईपर्यंत ओलं राहिलं की घरी निवांत धुता येतं. कॅमेरे अर्थातच बाहेर, वेगळ्या बॅगेत.

सोमवार : पुन्हा दादर

आंघोळीच्या टबात नळाचं कोमट पाणी, हाताला सोसेल एवढंच, आणि दोन तास. व्हिनेगर फक्त पॉलीकार्बोनेटच्या हाऊसिंगवर मीठ खडकासारखं धरलं असेल तरच, अगदी पातळ करून, काही मिनिटं, मग भरपूर पाणी. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमला लावू नका.

सावलीत वाळवल्यावर झाकणाच्या रिंगा काढून वेगळ्या पुडीत ठेवल्या, म्हणजे खाचेत दबून राहणार नाहीत. मग तिन्ही हाऊसिंग एकेक करून वजनकाट्यावर. प्लेबॅकचा परत येतानाचा आकडा ३२०, गुरुवारी ३३० होता. झूम लिव्हर काट्यावर मोजता येत नाही. तो बोटानं टोकाला नेऊन सोडला आणि स्वतःहून मधे येतो की नाही एवढं बघितलं. ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगवर, फोकस लॉकच्या बटणाला मात्र २१० आला. दांडा ५ मिलिमीटरचा, म्हणजे भागायचं १९.६ नं : पावणेअकरा मीटर, चौथा हिस्सा सोडला तर आठ. समुद्रात ते अडकल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण फोकस लॉक दाबूनच धरलेलं असायचं.

ते हाऊसिंग सर्व्हिसला द्यायचं ठरलं. त्याची बटणं घरी उघडण्यासारखी नाहीत. पांढऱ्या चिकटपट्टीवर बटणाचं नाव, २१० आणि तारीख लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला लावली आहे.